सातव्या मिनिटाला जाणारं वायफाय

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि दर वेळी मनात एकच येतं... या माणसाने तेव्हा घड्याळ बघितलं होतं का? काही लिहून ठेवलं होतं का? मी लिहून ठेवणारी बाई आहे. वय एक्कावन्न. सिलिंडर कधी लावला, औषधं कधी संपणार, गाडीत हवा कधी भरली – सगळं वहीत. भूत, भानामती, बाहेरचं हे मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी लिहितेय. आणि हे सांगायचं तर आधी एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी पेणला एका गणपतीच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे कारखान्याला लागून दहा बाय दहाची खोली. टेबल, लॅपटॉप, आणि चार हातांवर भिंतीला राउटर. परदेशातल्या गिऱ्हाइकांना व्हिडिओ कॉलवर मूर्ती दाखवणं हे माझं काम.

माझी मोठी बहीण अक्का रोह्याला, वरसे गावात एकटी राहते. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, अक्काने लग्न न करता मला वाढवलं. रोज संध्याकाळी मी तिला लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल करायचे. माझ्या रोजच्या यादीत ओळच होती – "५:०० अक्का, ७ मि."

सात मिनिटं, कारण नंतर पॅकिंगचा टेम्पो यायचा. आणि खरं सांगायचं तर अक्काचं बोलणं ठरलेलं. जेवलीस काय, जावई (म्हणजे माझा नवरा) बरे हायत ना, पोरीचा खोकला गेला का, कारखान्यातली माणसं, मग शेजारची सुमन, तिचा नवरा, तिच्या शेळ्या... सात मिनिटं झाली की मी कीबोर्डवरचं वायफायचं बटण दाबायचे. चित्र थिजायचं. मग मोबाईलवरून मेसेज – "नेट गेलं गं." रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी लॅपटॉपची सिस्टीम अपग्रेड केली. बरेच दिवस 'नंतर आठवण करा' म्हणत ढकललं होतं. अक्काला आदल्या दिवशीच सांगितलं, "उद्या फोन नको, लॅपटॉपचं काम आहे." ती काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, परवा बोलू.

बुधवारी सकाळी गिऱ्हाइकाचा कॉल होता. भाऊ – म्हणजे आमचे कारखानदार – स्वतः मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते, गिऱ्हाईक तिकडून बघत होतं. मध्येच वायफाय गेलं. पुन्हा जोडलं, पुन्हा गेलं.

"अवो मॅडम, एक डोळा काढून झाला नि तुमचं नेट गेलं," भाऊ म्हणाले. "तो तिकडं म्हणत असंल, काणा गणपती पाठवतायत की काय!"

मी वही उघडली. चार रकाने – वेळ, काय बदललं, काय झालं, कारण. राउटर बंद-चालू केला. वायफाय विसरायला लावून पासवर्ड नव्याने टाकला. वायफाय चालवणारा ड्रायव्हर जुना घातला, मग नवा घातला. वीज वाचवण्यासाठी वायफाय बंद करायची लॅपटॉपला परवानगी असते, तिची टिक काढली. नेटवर्क रीसेट. राउटर सोडून मोबाईलचा हॉटस्पॉट. बाहेरून लावायचा नवा वायफाय डोंगल. चौथा रकाना रिकामा. वायफाय जायचं ते जायचंच.

शुक्रवारी वही वाचताना लक्षात आलं... मोठी फाईल उतरवायला लावली की तीन-तीन तास काही होत नाही. समोर माणूस असला, बोलणं चालू असलं, तरच जातं. आणि वेळ? सात मिनिटं. सात. सात. सात. मी वही मिटून टाकली. सात हा आकडा माझ्याच यादीतला होता.

शनिवारी संतोषला बोलावलं. आमचे संगणक तोच बघतो, पंधरा वर्षं या धंद्यात आहे. त्याने सिस्टीमच्या आतल्या नोंदी उघडल्या, खालीवर केलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, नेट जात नाहीये. बंद केलं जातंय."

"कोण करतंय?"

"तुम्ही. हे बघा, प्रत्येक नोंदीत तेच – वापरकर्त्याने बंद केले."

दाराशी भाऊ उभे होते. मला कानापर्यंत गरम झालं. म्हटलं, "मी कशाला बंद करीन?" आवाज जरा जास्तच चढला.

मग संतोष अंगणात गेला आणि त्याच्या मोबाईलवरून त्याने मला व्हिडिओ कॉल केला. मी दोन्ही हात मांडीवर, वहीवर ठेवून बसले. भाऊ शेजारी, घड्याळ धरून. सात मिनिटं झाली, आणि आमच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह बंद झालं. कोणी हात लावला नाही. संतोष आत आला, नवी नोंद वाचली... तीच. वापरकर्त्याने बंद केले.

"फॉरमॅट मारावा लागंल," एवढंच म्हणाला. चहाही न घेता गेला.

अक्काचे कॉलही तुटत होतेच, आता खरोखर. तिच्याकडून हल्ली नुसतं छत दिसायचं; मोबाईल नीट धरत नसेल म्हणून मी विचारलंही नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तुटला तेव्हा मी मोबाईलवरून फोन लावला आणि घाईत बोलून गेले, "अक्का, या वेळी खरंच गेलं गं!"

मग ती म्हणाली, "बरं. असू दे गो बाय."

त्या 'असू दे'ने मला दोन रात्री झोप लागली नाही. रविवारी सकाळची एसटी धरली. लॅपटॉप बरोबर घेतला... का, ते सांगता येणार नाही. नागोठण्यापर्यंत काय बोलायचं त्याचे मुद्दे वहीत काढले, पुढे तेही सुचेना.

अक्काने दार उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा.

"हे काय?"

"मोतीबिंदू. काढला."

"कधी?"

"तुजा लॅपटॉप नवा व्हत व्हता ना, त्या मंगळवारी."

मी तिथेच ओटीवर बसले. तिच्याबरोबर सुमन गेली होती. रोजावर जाणारी बाई, कामावर खाडा करून दिवसभर दवाखान्यात बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"रोज सांगणारच व्हते," अक्का म्हणाली. "पन आधीच 'माज्याबरोबर चल' कसं म्हणायचं? आधी सगल्यांचं विचारायचं, मग आपलं काम काढायचं, असंच ना आपल्या घरात? मी आपली सुमनच्या शेळ्यांपर्यंत यायची नि तुजा नेट जायचा."

मी मान खाली घालून सांगितलं. बटण, मेसेज, यादीतली ती ओळ. सगळं.

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. "तुजा खांदा खाली जायचा गो. डोल्याला धुरकट दिसायचं, पन येवढा दिसायचा." आणि हसली. "माजं डोलं काढलं, आता तू रडून तुजं नको काढूस. चहा ठेव जा."

डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा मी लिहून भिंतीला लावल्या. दुपारी अक्काच म्हणाली, "तो डबा आणलास तो लाव बगू." मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मी संतोषला व्हिडिओ कॉल लावला. सात मिनिटं झाली. आठ. वीस. तिकडून संतोष विचारत होता, "मॅडम, काय केलंत?" मी काहीच केलं नव्हतं. एकही सेटिंग बदललं नव्हतं.

फॉरमॅट केलं नाही. पेणला परत आल्यावर त्याच टेबलावर, त्याच राउटरवर वायफाय आजपर्यंत एकदाही गेलेलं नाही. संतोष म्हणतो, मागून एखादं अपडेट आलं असेल. तारखा तपासल्या, त्या आठवड्यात एकही आलं नव्हतं. अपराधी मनाचे खेळ म्हणावेत, तर भाऊंनी आणि संतोषनेही ते बघितलं. वहीतला चौथा रकाना अजून रिकामा आहे. मला रिकामा रकाना सहन होत नाही, पण लिहू काय? कोणाला कळलं तर सांगा.

यादीत आता नुसतं "५:०० अक्का" असतं. टेम्पोवाला थांबतो. पण इतक्या दिवसांची सवय... सातव्या मिनिटाच्या आसपास अक्का अजूनही बोलता बोलता गप्प होते आणि वाट बघते. मग मी दोन्ही हात वर करून कॅमेऱ्यासमोर धरते. तिला नीट दिसले की ती पुढे बोलायला लागते.