राणीच्या घरी गॅस होता

मी पडलो तो प्लास्टिकच्या खुर्चीवरून. मस्कतला डक्टमध्ये कसा चढायचो ते बिल्डिंगखाली चार जणांना दाखवत होतो. तिकडे इतकी वर्षं उंच उंच चढलो, कधी खरचटलं नाही. शहाडला येऊन खुर्चीवरून पडलो आणि डावा पाय मोडला. खाली बसलेले आधी हसले. त्यांना वाटलं, हेपण गोष्टीतलंच आहे.

मस्कतला मी एसीचे डक्ट साफ करायचो. इथे सांगताना 'एसी लाईनमध्ये होतो' असं सांगतो. कायमचा परत आलो तरी माझं मस्कत काही संपत नाही. वाळूचं वादळ, मलबारी मुकादम, उंटाने खाल्लेला टॉवेल. उंटाचं खोटं आहे. टॉवेल मीच कुठेतरी विसरलेलो.

तर पाय प्लास्टरमध्ये, टीव्ही बघून डोकं दुखायला लागलेलं, आणि मला वाचता येत नाही. म्हणजे पाट्या वाचतो, पण एकेक अक्षर जोडून. दुकानाचं नाव वाचून होईपर्यंत दुकानदार शटर ओढतो. चौथीत शाळा आणि मी एकमेकांना कंटाळलो, मग मीच मोठ्या मनाने निघून आलो. बायको दहावी पास. मी नसताना तिने कल्याणच्या लायब्ररीत नाव घातलेलं, हे मला आल्यावर कळलं. तीच म्हणाली, "मी मोठ्याने वाचते, तुम्ही गप पडून राहा. जमेल?"

"पडायचं जमतं मला," मी म्हणालो.

पुस्तक होतं ग्रीक लोकांच्या एका बेटावरच्या राणीचं. राजा समुद्रापलीकडे लढाईला गेला. लढाईत वर्षं गेली, परत येण्यात आणखी गेली. वाटेत त्याला एका डोळ्याचा राक्षस भेटला, जादूगारीण भेटली. बायको म्हणाली, हे आजवर सगळ्यांनी राजाच्या बाजूने सांगितलं. आता बायका लिहायला लागल्यात, त्या राणीच्या तोंडून सांगतात, घरी काय चाललेलं ते. घरी काय, तर अंगणात परके पुरुष येऊन बसलेले. राणीचीच बकरी कापून खातायत आणि तिलाच म्हणतायत, तुझा नवरा मेला, आता आमच्यातला एक निवड. राणी म्हणाली, सासऱ्यांच्या अंत्यविधीचं कापड विणतेय, ते होऊ दे. दिवसा विणायची, रात्री उसवायची.

"राक्षसाचं कधी येणार?" मी विचारलं.

"नाही येणार. राणीने कुठे बघितला राक्षस?"

मला राजाचं वाईटच वाटलं. एवढा लांबून आणलेला राक्षस, आणि घरात कुणी विचारत नाही.

रोज संध्याकाळी ती खिडकीपाशी बसून वाचायची. एकदा वाचलं की सासऱ्यांना दम लागायचा, झोपता यायचं नाही, राणी त्यांच्या पाठीला उशा लावून पहाटेपर्यंत शेजारी बसायची. माझ्या बाबांना दमा होता. मी मनात म्हटलं, असेल, ग्रीसमध्येपण असेल. मग वाचलं की नदीचं पाणी घरात आलं.

"बेटावर नदी?" मी म्हणालो.

"बेटावर नदी नसते का?"

आता मी चौथी नापास, काय बोलणार. ती पुढे वाचायला लागली. "राणीने सासऱ्यांना पलंगावर बसवलं, पलंगाखाली विटा लावल्या, गॅसची शेगडी माळ्यावर टाकली."

"तेव्हा गॅस होता?"

ती थांबली. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "चूल लिहिलंय. मी गॅस म्हटलं."

मला वाचता येत नसलं तरी एवढं कळतं की वाचताना पान उलटावं लागतं. तिने कधीपासून उलटलं नव्हतं.

मी मस्कतला असताना इथे नदीला पूर आलेला, तेव्हा फोनवर ती मला म्हणालेली, "थोडं पाणी आलेलं, गेलं." मी म्हटलेलं, होडी घेऊन येऊ का? तिकडे रूममध्ये सगळे हसलेले. बाबा गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. तेव्हापण ती फोनवर म्हणाली, "इथलं सगळं नीट झालं, तुम्ही जेवून घ्या." परत आल्यावर मी कधी विषय काढला की ती म्हणायची, झालं ते झालं, भात वाढू का?

आणि आता ती सांगत होती. राणीचं नाव लावून का होईना. मी विचारायला घाबरायचो. विचारलं आणि बंद झाली तर? मग मी फक्त "हं, हं" करायचो. दुपारपासूनच संध्याकाळची वाट बघायचो. लग्नाआधी तिला बघायला ठाण्याला गेलेलो, तेव्हापण एवढा उतावळा नव्हतो.

प्लास्टर निघालं. आता वाचणं बंद होईल म्हणून मी घरात लंगडत फिरायला लागलो.

"अहो," ती म्हणाली, "मोडलेला डावा होता."

पण संध्याकाळी पुस्तक घेऊन बसली. शेवटचं प्रकरण होतं. राजा भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो.

"ओळखते का ती?"

"लगेच."

"मग बोलत का नाही?"

तिने पान उलटलं नाही. "तिला बघायचं असतं, तो काही विचारतो का."

"आणि विचारतो?"

"नाही. राक्षसाचं सांगत बसतो."

इथे माझ्याकडे एक जोक तयार होता. चांगला होता. मी तो गिळला. तिच्याकडे बघून विचारायचं होतं, पण नजर खिडकीच्या गजाकडेच राहिली.

"तुला भीती वाटायची का गं, एकटीला?"

तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"कुठल्या वर्षापासून सांगू?"

मी म्हटलं, गेलो त्या दिवसापासून. ती सांगायला लागली. विमानतळावरून घरी आली, दार उघडलं, माझी चप्पल दारातच होती, ती आत घ्यावी की राहू द्यावी या विचारात तिथेच उभी राहिली. त्या दारात ती उभी आहे आणि मी मागून येऊन म्हणावं, अगं, आलो, असं मला इतकं वाटलं. मी तेव्हा विमानात फुकटचा दुसरा ज्यूस मागत होतो.