आर्गिरोने न झेललेला दोर

नवऱ्याची बोट धक्क्याला लागताना तिचा दोर बायकोनेच झेलायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, ही आमच्या बेटाची जुनी रीत. सकाळच्या भांडणाच्या रागात आर्गिरोने नवऱ्याचा, पांतेलीसचा दोर झेलला नाही. वाऱ्याने बोट खडकांवर नेली आणि तो बुडाला. तेव्हापासून तीस वर्षं ती येणाऱ्या प्रत्येक परक्या शिडाच्या बोटीचा दोर झेलते.

काल तिला ताप होता. दक्षिणेचा वारा सुटलेला आणि एक बोट आत येत होती. मी म्हणालो, "बस गं आर्गिरो, मी झेलतो."

"तू? त्या दिवशीही इथेच उभा होतास की, हात खिशात घालून!"

खरं होतं. दोर आला तेव्हा तो माझ्या हातांतून निसटला. तिनेच तो पकडून बांधला आणि मग बोटीवरच्या माणसांची तोंडं एकेक करून बघत राहिली, जणू त्यांत पांतेलीस असेल.