पंप झाला का?

पुंडलिकनगरात आम्ही राहायला आलो, तेव्हापासून समोरच्या गच्चीवरून रोज सकाळी हाक यायची, "ओवी, पंप झाला का गं?" हाक शाहीन आपांची. उर्दू शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. ओवी माझी मुलगी, सात वर्षांची. तिला दमा. श्वास नीट चालत असला तरी रोज दोन्ही वेळ तोंडानं औषधाचा पंप ओढायचा, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

सासूबाईंना त्या हाकेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाहुणे यायचे म्हटलं की त्या पंप कपाटात साड्यांखाली सारायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "हळू बोला की ओ आपा. गल्लीला कशाला सांगता? पोरीची जात हाय, उद्या लग्नाचं बघावं लागंल."

"क्या आक्का! दम लेकराचा घुटतो अन् शरम तुम्हाला? चष्मा असता तर तोही कपाटात ठेवला असता का?"

ओवीला त्यांनी एकच शिस्त लावली होती, आधी पंप, मग ब्रश. आणि "आता बरं वाटतंय" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं. "पंप घेते म्हणून बरं वाटतंय! घर गळत नाय म्हणून वरचे पत्रे काढून टाकता का?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत करमाडला आमच्या नात्यात लग्न होतं. मला रजा नव्हती, म्हणून ओवी आजीबरोबर आधी गेली. पंप मी सासूबाईंच्या हातात दिला, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी तो पेटीच्या तळाशी टाकला. घरभर सोयरे आणि पोरगी तर खेळतेय चांगली! हळदीच्या दिवशी श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, तेव्हा जीपमध्ये घालून तिला शहरात आणलं.

आपा दवाखान्यात आल्या तेव्हा ओवीच्या तोंडावर मास्क होता. भेटायला आलेल्या सोयऱ्यांना सासूबाई सांगत होत्या, "ऊन लागलं जरा."

"ऊन?" आपा दारातूनच कडाडल्या. "पोरगी गेली असती तर मयतीला आलेल्यांनाही ऊनच सांगितलं असतं का, आक्का?"

माझा नवरा पुटपुटला, "आपा, असू द्या."

"काय असू द्या? तू बाप ना तिचा?"

आपा तापट आहेत, परक्याच्या पोरीसाठी एवढं कशाला, असं पुढं कितीतरी जणांनी मला ऐकवलं. घरच्यांना राग येत नव्हता, याचं मात्र कुणालाच नवल वाटलं नाही!

ओवी वाचली. तेव्हापासून तिचा पंप मीच सांभाळते.

यंदा थंडीत आपा गेल्या. त्यांच्या घरी आम्ही बायकांमध्ये बसलो होतो. ओवीनं पिशवीतून पंप काढला आणि ओढला. शेजारच्या बाईनं सासूबाईंच्या कानाशी लागून विचारलं, "काय हाय ओ पोरीला?"

"दमा हाय," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "रोज पंप घेती. त्यात दडवायचं काय?"

बाई ओशाळली. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते. मला मात्र चीडच आली. एवढं एक वाक्य, त्यांनी ते आपा जिवंत असताना का नाही म्हटलं?