मी लिहून दिलेला कागद

मुलगी नववीत असताना तिच्या प्राचार्या मॅडमनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मुलीची नजर कमजोर आहे, तरी तिच्यासाठी मोठ्या अक्षरांचा पेपर किंवा जास्तीचा वेळ मागणार नाही. नापास झाली तर शाळा जबाबदार नाही. सही करायची नसेल तर मुलीचं नाव शाळेतून काढून न्या, म्हणाल्या. मुलगी शेजारीच उभी होती. मी सही केली.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी येईपर्यंत ती ऑटोत बाहेरच बघत बसली. जेवायला वाढताना मी विचारलं, "काहून चूप आहेस?"

"आपने साइन क्यों किया?" ती म्हणाली. इकडं शाळेत, शेजारीपाजारी सगळी हिंदीच, म्हणून आमच्या पोट्टीला मराठी समजतं, उत्तर मात्र ती हिंदीतच देते.

त्या दिवसापासून मला मुलीसाठी न्याय हवा होता हे खरं, पण त्याहून जास्त त्या बाईची मान खाली गेलेली पाहायची होती.

मी सरकारी ऑफिसात आवक-जावकचं टेबल सांभाळते. कोणता कागद माणसाला कुठं अडकवतो, ते मला समजतं. दुसऱ्या दिवशी मी अगदी गरीब चेहऱ्यानं शाळेत अर्ज दिला, की मी लिहून दिलेल्या कागदाची प्रत मिळावी. मॅडमना वाटलं, बाई घाबरली. त्यांनी प्रत दिली, वर शाळेचा शिक्काही मारून दिला.

मग जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वाचला. गरजेप्रमाणे सोय करून देणं शाळेवर बंधनकारक होतं. मी दोन तक्रारी केल्या, एक दिव्यांग आयुक्तांकडे आणि दुसरी शाळेला मान्यता देणाऱ्या मंडळाकडे.

आयुक्तांकडच्या सुनावणीत मॅडमचे वकील म्हणाले, पालकांनी स्वखुशीनं लिहून दिलं आहे. आयुक्त साहेबांनी मुलीला विचारलं. ती हळूच म्हणाली, "मम्मी लिख रही थी, मैडम बोल रही थीं." साहेबांनी तो कागद मॅडमना मोठ्यानं वाचायला लावला. त्या वाचत होत्या आणि मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

कागद रद्द झाला. मोठ्या अक्षरांचा पेपर, तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त, पहिला बेंच, सगळं लेखी मिळालं. बाहेर व्हरांड्यात मॅडम माझ्याजवळ आल्या. दुसरी तक्रार परत घ्या, म्हणाल्या.

"घेईन," मी म्हटलं. "आधी तिच्या वर्गात जाऊन सगळ्यांसमोर तिची माफी मागा."

त्यांनी मागितली, मी तक्रार परत घेतली. संध्याकाळी मुलगी घरी आली ती रडतच. सगळी मुलं तिच्याकडेच बघत होती म्हणे. "मैंने कब बोला था माफी मँगवाने को?" दोन दिवस ती स्वतःच ताट वाढून घेऊन आतल्या खोलीत जेवली. तिसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. तिला न विचारता असं काही करणार नाही, असं कबूल केलं.

पुढं दहावीचे सगळे पेपर तिनं पूर्ण वेळ घेऊन लिहिले. पास झाली. आता तिच्या शाळेत तिला हवं ते तीच मागते, मी बाहेर थांबते.

मॅडम मात्र मला अजून पंडरीच्या बाजारात कधीतरी दिसतात. मला पाहून रस्ता बदलतात. मी मुद्दाम त्यांच्या समोरून जाते.