वन्संचा राजीनामा

वन्सं गेल्याची बातमी मला घरच्यांकडून नाही, त्यांच्या इतवारा मोहल्ल्यातून कळली, आणि रडू यायच्या आधी मला तेच खटकलं. सकाळी दारात त्यांच्या शिवणवर्गातल्या झुबैदाआपा उभ्या, मागे रिक्षात ईश्वरीबाई. "भाभी, ताई नहीं रही," एवढंच म्हणाल्या. मी याच गावात, लालबागेत राहणारी सख्खी भावजय, आणि माझ्या नणंदेचं जाणं आधी या दोघींना ठाऊक! शिवणवर्गामागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या, तेव्हा असंच होणार होतं, हे मला कळतं. तरी महिना होऊन गेला, मनातलं ते काही जात नाही...

मी मुळातच संशयी. लग्न होऊन जळगावहून बऱ्हाणपूरला आले ती वर्षं भाषावार राज्यं होण्याची. तोवर राजधानी म्हणून नागपूरकडे बघणारं गाव एकदम भोपाळकडे बघू लागलं होतं, आणि जो तो शेजारच्याकडे बघून मनात विचारत होता, हा कोणाचा? त्याच दिवसांत वन्संनी इतवाऱ्यात बायकांचा शिवणवर्ग काढला. विणकरांच्या घरच्या मोमीन बायका एका भिंतीला, फाळणीनंतर आलेल्या सिंधी बायका दुसऱ्या भिंतीला. मोमीन बायकांना वाटे, ही सरकारची माणूस, घरातल्या गोष्टी वर पोचवते. सिंधी बायकांना वाटे, ही आधीपासून त्या मोमिनांचीच. आमच्या मराठी आळीत म्हणत, नवरा नाही, मूल नाही, हिला यातून मिळतं काय? मीही तेच म्हणायची. फुकट कोणी कोणासाठी उन्हात हिंडत नसतं. डबा द्यायच्या निमित्तानं जाऊन मी तास तासभर दाराशी उभी राहून बघत असे.

एकदा एका मशीनची बॉबिनची डबी हरवली. झालं, दोन्ही भिंती एकमेकींच्या पिशव्या उलट्या करायला लागल्या. झुबैदाआपा तेव्हा ऐन पंचविशीत, जीभ कात्रीसारखी. ईश्वरीबाईही काही कमी नव्हत्या. घरोघरचे पुरुष भांडणात उतरले आणि वर्ग बंद पडायची वेळ आली. शेवटी वन्सं पुरुषांच्या बैठकीत उठून म्हणाल्या, "आता मी राजीनामा देते." बस्स, तेवढंच, आणि घरी निघून आल्या; तेव्हा त्या आमच्यातच राहत.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका एकदमच आमच्या दारात. आधी मला वाटलं, मारामारी होणार. "ताई, उन लोगों से राजीनामा कर लिया? हमसे पूछा भी नहीं!" हे झुबैदाआपा ओरडत होत्या, आणि ईश्वरीबाईही अगदी तेच ओरडत होत्या. कोर्टकचेरीच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, आणि आपल्या मराठीत काम सोडणं. प्रत्येकीला वाटलं होतं, ताईंनी आपल्याला डावलून दुसरीशी मिटवलं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "अगं, मी वर्ग सोडतेय." मग झुबैदाआपांनी कपाळावर हात मारला. "इस्तीफ़ा बोलो ना, ताई! और तुम गई तो मशीनें किसके पास? इनके पास?" तिकडून ईश्वरीबाई म्हणाल्या, "हाँ, और इनके पास भी नहीं जाने देंगे." एकमेकींवरच्या अविश्वासापायी दोघींनी मिळून वन्संना धरून ठेवलं. संध्याकाळी वर्ग उघडला. डबी मात्र आजतागायत सापडलेली नाही.

आमचे सासरे कोर्टात अर्ज लिहून द्यायचे. त्यांच्या मुलीला राजीनाम्याचे दोन अर्थ ठाऊक नसतील? मी तेव्हाच विचारलं. वन्सं पोळी लाटत होत्या, लाटतच राहिल्या. पुढेही विचारत राहिले. शेवटच्या आजारपणात उशाशी बसून विचारलं, "वन्सं, आता तरी सांगा, मुद्दाम बोललात ना?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तू अशीच राहा हं." मला इतका राग आला, आणि आता तो राग कोणावर काढू, हेच कळत नाही. फार आठवण येते त्यांची.

गेल्या आठवड्यात त्यांची खोली आवरायला गेले. वर्गात बायका जमल्या होत्या, पण मशीनांना कोणी हात लावला नव्हता. ईश्वरीबाई म्हणाल्या, "भाभी, अब आप बैठो." मी म्हटलं, "मला साधी तुरपाईसुद्धा येत नाही."

"ताई को कहाँ आती थी?" झुबैदाआपा म्हणाल्या. इतकी वर्षं दाराशी उभी राहून मला हे दिसलं नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, "ताई तो बस बीच में बैठती थी, दोनों तरफ़ नज़र रखके. बोल के गई हैं, मेरे बाद भाभी को बिठाना. वो किसी पे भरोसा नहीं करती, किसी की तरफ़ नहीं झुकेगी."

दोन भिंतींच्या मध्ये वन्संचं स्टूल होतं, बसून बसून गुळगुळीत झालेलं. मी बसले. दोन्ही बाजूंची मशीनं सुरू झाली.