लग्नाच्या पेनड्राइव्हमधले चार कागद

रिश्तान गावच्या दवाखान्यासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो, कागद स्कॅन करणं, लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवरून पाठवणं, लग्नाच्या फिल्मची कॉपी, पडेल ते काम. नाव तुर्सुनोय, पण गाव मला आपा म्हणतं. आपा म्हणजे मोठी बहीण, आणि मोठ्या बहिणीला सकाळी सातला घरून उठवून आणलं तरी चालतं, असा सगळ्यांचा समज आहे.

झेबिनिसो आमच्याच गल्लीतली सून. होसियातची. लग्न झालं तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि लग्नानंतर विसाव्या दिवशी नवरा एलमुरोद रशियात बांधकामावर परत गेला. आमच्याकडे हे असंच असतं, त्यात कुणाला नवल नाही. पहाटे अंगण झाडायचं, तंदूर पेटवायचा, सासूच्या हातावर पाणी घालायचं, आलेल्या-गेलेल्यापुढे छातीवर हात ठेवून वाकायचं. पोरीने कधी कपाळाला आठी घातली नाही. मीच एकदा म्हटलं, अगं, जरा तोंड तरी वाकडं कर, म्हणजे आम्हाला कळेल तू जिवंत आहेस. तर हसली आणि खाली बघून निघून गेली.

तिला नर्स व्हायचं होतं. लग्नाआधी अर्ज करायचा राहिला होता, कारण लग्नच मध्ये आलं. हिवाळ्यात तिने सासूला विचारलं. होसियात म्हणाली, एलमुरोदला विचार, त्याची बायको आहेस. फोनवर एलमुरोद म्हणाला, आईला विचार, घर तिचं आहे. पुन्हा आईला विचारलं तर आई म्हणाली, तो आला की बघू. नाही असं कुणीच म्हणालं नाही. नाही म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये ही पोर चहाची किटली घेऊन उभी.

मे महिन्यात ती दुकानात आली. आधी नवऱ्याला पाठवायला दोन फोटो छापून हवेत म्हणाली. फोटो निघाले तरी जाईना. मी म्हटलं, बाई, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, काय ते बोल. तेव्हा तिने ओढणीखालून कागद काढले. शाळेचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्ज. दवाखान्याचा दाखला गुरुवारी मिळणार होता आणि शुक्रवारी शेवटची तारीख. पाचही कागद एकदमच पाठवायचे होते. एकदा प्रवेश मिळाला की मग घरात सांगेन, म्हणाली. मिळालेल्याला कोण नाही म्हणतं?

आता माझा एक नियम आहे. माझ्या कॉम्प्युटरवर मी कुणाचे कागद ठेवत नाही. एकदा एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या अर्जात गेली होती, तेव्हापासून कानाला खडा. ज्याचे कागद त्याच्या पेनड्राइव्हवर. तिच्याकडे एकच पेनड्राइव्ह होता, लग्नाचा. फोटोवाल्याने लाल मखमली डबीत घालून दिलेला. होसियातच्या बैठकीतल्या टीव्हीला तो कायम लावलेला असायचा, कारण पाहुणे आले की वरात दाखवायची. फोटो छापायच्या निमित्ताने तिने तो काढून आणला होता. बाहेर चार माणसं ताटकळत होती, मी घाईत चारही कागद स्कॅन केले आणि टाकले त्यातच. वेगळं फोल्डर करायला किती वेळ लागतो? पण माझं मेलीचं डोकं. लग्नाचे फोटो होते त्याच फोल्डरमध्ये, फोटो म्हणूनच टाकले.

मंगळवारी आमच्या बायकांच्या बैठकीची पाळी होसियातकडे होती. दर महिन्याला एकीकडे जमायचं, जेवायचं, गप्पा हाणायच्या. आम्ही तेरा जणी होतो, आणि वरच्या जागी सबोहत ओतिन. ओतिन म्हणजे बायकांत दुआ मागणारी. गल्लीतल्या प्रत्येक पाळण्यावर आणि प्रत्येक मयतीवर तिचीच दुआ असते, आणि तिची दुआ लागते असं आम्ही सगळ्या मानतो. मीही मानते, खोटं कशाला बोलू?

पलोवचा मटणभात झाला, चहा आला. झेबिनिसो, मानाची रीत म्हणून, वाटीत अर्धाअर्धाच चहा ओतून देत होती. टीव्हीवर फोटो आपोआप एकामागून एक सरकत होते आणि होसियात सांगत होती, हे रेशीम आम्ही मर्गिलानहून आणलं. वाकून सलाम करणारी नवरी आली, केक आला, आणि केकच्या मागून शाळेचं प्रमाणपत्र आलं. दाराएवढं.

मग पासपोर्ट आला. होसियातला टीव्ही बंद करायचं बटण सापडेना, तिने भलतंच दाबलं आणि अर्ज आणखी मोठा होऊन तिथेच थांबला. एकीने तर तो मोठ्याने वाचून काढला, नर्सिंगच्या अभ्यासाला मला प्रवेश मिळावा ही नम्र विनंती. झेबिनिसोचे कान लालबुंद झाले होते, पण किटली हलली नाही.

होसियात हसली. चारचौघींत सासूला दुसरं काय करता येतं? म्हणाली, हो, आमच्या सूनबाईंना शिकायची हौस आहे, आमचं चाललंय बघणं. मला वाटलं, चला, बरंच झालं, आता सगळ्यांसमोर हो म्हणून अडकली ही. मी मनातल्या मनात चक्क आनंदले.

तेवढ्यात ओतिनने हात पसरले. दुष्टपणाने नव्हे बरं का, अगदी मायेने. आमच्याकडे म्हातारं माणूस तळहात वर करून जे मागतं, ते बोलणं नुसतं बोलणं राहत नाही, ठराव होतो.

"शिकणं चांगलंच. देवा, या घरात आधी तीन मुलगे खेळू देत, एलमुरोद सुखरूप घरी येऊ दे, आणि मग मुलं शाळेत गेली की त्यांची आईही शाळेत जाऊ दे."

सगळ्यांचे हात वर गेले. ओतिनने डोळे उघडले, झेबिनिसोकडे पाहिलं आणि थांबली.

"सूनबाई, किटली ठेव. हात."

तिने किटली खाली ठेवली आणि हात पसरले. आमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. तिनेही फिरवले. मीही फिरवले. तेरा जणींत एकटीने हात मांडीवर ठेवायचे, एवढी छाती मला झाली नाही.

गुरुवारी मीच समोर जाऊन तिचा दवाखान्याचा दाखला आणला. कॉम्प्युटरवर अर्ज पाठवायचं पान उघडून तयार ठेवलं. संताप आला होता, स्वतःचाच जास्त. दुपारी ती आली, बरोबर सासू. पेनड्राइव्ह डबीसकट माझ्यापुढे ठेवून होसियात म्हणाली, ते कागद काढून टाक बाई, पाहुण्यांपुढे पुन्हा शोभा नको.

मी पेनड्राइव्ह लावून तिचा अर्ज स्क्रीनवर उघडला आणि म्हटलं, होसियात, ओतिन म्हणजे काही अल्ला नाही. उद्या शेवटची तारीख आहे, सगळं तयार आहे, तू मान हलव, मी पाठवते. ती बराच वेळ डबीच्या झाकणाशी चाळा करत बसली. तिचा चेहरा उतरला होता, हे मी कबूल करते.

"मी कधी नाही म्हटलं नव्हतं गं," ती म्हणाली. "आताही नाही म्हणत. तिलाच विचार."

वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिलाच विचारत होतं. मी खुर्ची तिच्याकडे वळवली. सांग, पोरी. एक बटण दाबायचंय.

झेबिनिसो स्क्रीनवरच्या आपल्या अर्जाकडे बघत राहिली. अर्ज वाचत असावी, कारण ओठ हलत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ते तिकडे बांधकामावर अकराव्या मजल्यावर काम करतात, आपा. आणि ते सुखरूप यावेत म्हणून मागितलेल्या त्या दुआला आमीन मीही म्हटलंय."

होसियातने तोंडाला ओढणी लावली. मी चारही कागद पुसले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.