तीन तास निघतात

गंगापूर रोडवरील आमच्या इमारतीतले एक शेजारी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. पुस्तक, मालिका वा खेळ सुचवताना ते त्यातली गोडी सांगत नाहीत. वेळ किती जाईल, एवढेच सांगतात. “गुरुजी, ही मालिका बघा, आठ दिवस आरामात निघतात.”

अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या पत्नी काल माझ्यादेखत म्हणाल्या, “अहो, आज जरा बसा ना माझ्यापाशी.”

त्यांनी मोबाइलवर रंगीत गोट्या फोडण्याचा खेळ लावून पत्नीच्या हाती दिला. “घे, तीन तास निघतात. चला गुरुजी, गच्चीवर बसू.”

भगवंताच्या चिंतनात वेळ घालवणे, असा कालक्षेपाचा अर्थ मी आयुष्यभर शिकवला. काल मात्र मी त्यांच्यामागून जिना चढलो.